लळिंग-सोनगीरला जाताना : जीव वाचवणारा पहिला अर्धा तास

देवपूरहून पांझरा ओलांडून मालेगावच्या दिशेने निघालं की धुळ्यापासून दहाएक किलोमीटरवर फारुकींचा लळिंग किल्ला, तर उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सोनगीर. दोन्ही डोंगर उघडेबोडके आणि चढ फार मोठे नाहीत, त्यामुळे लोक एकच बाटली घेऊन उन्हं चढल्यावर निघतात. वर काही झालंच, तर सोबत्यांनी पहिल्या अर्ध्या तासात काय केलं, यावर बरंच काही ठरतं.

उष्माघात : आधी गार करा, मग हलवा
बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला, अंग भाजू लागलं, की उष्माघात समजा. घाम येत असला तरी गाफील राहू नका. माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, जवळचं सगळं पाणी अंगावर ओता आणि जोरात वारा घाला. १०८ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत ओतणं थांबवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

सर्पदंश : जागेवर उपचार नाही
इथे उलटं. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. अंगठी-कडं काढा, चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर करा, माणसाला चालू न देता उचलून खाली आणा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून नेण्याची गरज नाही. मण्यारचा दंश दुखतही नाही. मुक्कामात शंका आली तरी दवाखाना गाठा. धुळ्यात चक्करबर्डीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

विंचू
लाल विंचवाच्या गंभीर दंशात पूर्वी शंभरातले चाळीसेक दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय दिसले तर तडक निघा. औषध आहे; वेळेत पोचवणं आपल्या हाती आहे.

निघताना
मार्च ते जून पहाटे चढा, नऊच्या आत उतरा. माणशी तीन लिटर पाणी, जलसंजीवनीची पाकिटं, विजेरी, घोट्यावर येणारे बूट आणि एक मोठी चादर घ्या. चादर झोळीच्या कामी येते. घरी परतीची वेळ सांगा. एकट्याने जाऊ नका, कारण वरचा प्रत्येक उपाय दुसऱ्या माणसानेच करायचा आहे.