गढूळ पाण्याला तुरटी किती?

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले की किती तुरटी घालायची, हे जलशुद्धीकरण केंद्रात ‘जार टेस्ट’ करून ठरवतात. नववी ते अकरावीच्या वर्गाला संहती, मोल आणि कलिल शिकवायला ही चाचणी उत्तम. इथे गरज आधी पडते, व्याख्या मागून येते.

वेळ: प्रयोगाला सलग दोन तासिका, चर्चेला एक.

साहित्य: एक लिटरच्या सहा सारख्या पारदर्शक बरण्या, आठ लिटर गढूळ पाणी, तुरटी, ऊर्ध्वपातित पाणी, तराजू, बिनसुईची 5 मिलिलिटरची सिरिंज, काचकांड्या, सामू पाहायच्या पट्ट्या.

कृती

1. फळ्यावर प्रश्न लिहा: ‘या पाण्याला लिटरमागे कमीत कमी किती तुरटी पुरेल?’ प्रत्येक गटाचा अंदाज कारणासह लिहून घ्या.

2. पाण्यातली वाळू खाली बसू द्या. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ढवळा आणि प्रत्येक बरणीत एक-एक लिटर भरा.

3. 1 ग्रॅम तुरटी ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून द्रावण 100 मिलिलिटर करा. एका मिलिलिटरमध्ये तुरटी किती, हे मुलांनाच काढू द्या. उत्तर: 10 मिलिग्रॅम.

4. बरण्यांत अनुक्रमे 0, 1, 2, 3, 4 आणि 5 मिलिलिटर द्रावण घाला. शून्याची बरणी तुलनेसाठी.

5. सगळ्या बरण्या एकाच वेळी मिनिटभर जोरात ढवळा, म्हणजे तुरटी सगळीकडे पोचेल. पुढची दहा मिनिटे अगदी सावकाश ढवळा. या वेळी घाई केली तर जमलेल्या गुठळ्या फुटतात.

6. बरण्या अर्धा तास हलवू नका. सिद्धांत आता सांगा: मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटीतले ॲल्युमिनियम तो प्रभार कमी करते. त्याचे हायड्रॉक्साइड कणांना गुंतवून तळाशी नेते.

7. बरणीमागे छापील कागद धरा. अक्षरे किती स्पष्ट दिसतात, यावर 0 ते 5 गुण द्या. प्रत्येक बरणीतल्या पाण्याचा सामूही नोंदवा.

8. मात्रा आणि गुण यांचा आलेख काढा. जिथून पुढे तुरटी वाढवूनही फरक पडत नाही, ती मात्रा निवडा. जास्त तुरटीने पाणी पुन्हा गढूळ दिसले तर ती बरणी फेकू नका. कणांचा प्रभार उलटला असेल का, हा प्रश्न वर्गाला विचारा.

9. आता 50,000 लिटरच्या टाकीचा हिशेब मांडा. मात्रा लिटरला 30 मिलिग्रॅम निघाली तर दीड किलो तुरटी लागेल. पोटॅश तुरटीचे मोलवस्तुमान सुमारे 474 ग्रॅम धरून हीच मात्रा मोलमध्येही काढायला लावा.

मूल्यमापन: गुण आकड्याला देऊ नका, त्यामागच्या कारणाला द्या. विहिरीचे किंवा दुसऱ्या दिवशीचे पाणी घेतले तर उत्तर बदलेल. का, हे गटाने सांगायचे.

सावधानता: निवळलेले पाणी कोणी पिऊ नये. तुरटीने गाळ बसतो, पण पाणी निर्जंतुक होत नाही. त्यासाठी क्लोरीन किती लागेल, हा पुढचा प्रकल्प.