कौल कोणापाशीं मागावा?

(पाठ: यशया ४६:१-७, १ शमुवेल ४:१-११)

यशयाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायांत बाबेलच्या दोन दैवतांचें चित्र आहे. बेल व नबो ह्यांच्या मूर्ति जनावरांच्या पाठीवर लादल्या आहेत. ओझ्यानें तीं जनावरें वांकलीं आहेत. आणि अखेर हीं दैवतें आपल्या भक्तांस सोडविण्याऐवजीं स्वतःच बंदिवासांत जातात. इस्राएलाचा देव मात्र आपल्या लोकांस जन्मापासून म्हातारपणापर्यंत स्वतः वाहून नेतो, असें संदेष्टा पुढें सांगतो. कोंकणांतल्या वाचकांस हा पाठ फोडून सांगावयास नको. शिमग्यांत ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन घरोघर नेतात, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. आपण देवाला वाहतों, कीं देव आपणांस वाहतो, एवढाच संदेष्ट्याचा प्रश्न आहे.

रत्नागिरीच्या दक्षिणेस मुचकुंदी नदी समुद्रास मिळते, तेथें उत्तर तीरावर पूर्णगडचा लहानसा किल्ला आहे. तट अद्याप उभा आहे. तरी १८१८ सालीं किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां त्या तटाचा उपयोग झाला नाहीं. खालीं खाडीच्या मुखाशीं होड्या असतात. अशा गांवीं भय ही रोजची गोष्ट आहे. भय आलें म्हणजे मनुष्य कौल लावावयास जातो. गुरव गाऱ्हाणें घालतो, मूर्तीस फुलें लावितो, आणि फूल उजवीकडून पडलें कीं डावीकडून, ह्यावरून होकार किंवा नकार समजतात. बाप्तिस्मा घेतलेल्याची परीक्षा रविवारीं उपासनामंदिरांत होत नाहीं. मूल तापानें फणफणतें, होडी रात्रीं परत येत नाहीं, सावकार दारांत बसतो, तेव्हां पहिलें पाऊल कोणाच्या दाराकडे पडतें, तेथें ती होते.

परंतु ह्याहून सूक्ष्म अशी एक मूर्ति आहे, आणि तिच्याविषयीं आम्हांस अधिक भीति वाटते. कोणी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतो, हाताला येईल त्या वचनावर बोट ठेवितो, आणि त्यावरून सोयरीक करावी कीं न करावी हें ठरवितो. हा कौलच होय. पाकळीच्या जागीं पान आलें, एवढेंच. कोणी दृष्ट लागूं नये म्हणून मुलाच्या गळ्यांत क्रूस बांधतो. इस्राएल लोकांनीं हेंच केलें. पलिष्ट्यांपुढें त्यांचे सुमारें ४,००० लोक पडले, तेव्हां देवाकडे वळण्याऐवजीं त्यांनीं शिलोहून कराराचा कोश रणांत आणिला. दुसऱ्या लढाईंत ३०,००० पडले, व कोशही गेला. कोश खरा होता; भरंवसा खोटा होता.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण येथें घ्यावें. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व भाविक गृहस्थ. दुष्काळांत त्या कुटुंबानें तीर्थें, उपास, दानधर्म, मूर्तींची पूजा, कांहीं म्हणून सोडिलें नाहीं; तरी १८७४ सालीं आईबाप दोघेही गेले. त्यांच्या निष्ठेस हंसण्याचा अधिकार कोणासही नाहीं. आमच्यांतल्या किती जणांनीं देवाकरितां एवढें सोसलें आहे? रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. पुढें त्यांनींच स्पष्ट लिहिलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. दुष्काळांत आईबाप गमावलेल्या ह्या बाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों मुली आणिल्या, व केडगांवीं त्यांचा सांभाळ केला. बाप्तिस्म्याचा दिवस आणि भरंवशाचा दिवस एकच असतो असें नाहीं; म्हणून नवख्या बंधूचा पाय घसरला तर त्याला लगेच मंडळीबाहेर काढण्याची घाई करूं नये.

हवामानखात्याचा इशारा ऐकून होडी बंदरांत ठेवणें, तापाच्या मुलास दवाखान्यांत नेणें, ह्यांत अविश्वास नाहीं. शेजाऱ्यांच्या देवळाची निंदा करण्यांत विश्वासही नाहीं.

उपदेशक बंधूंनीं संकटाच्या रात्रीं बोलावण्याची वाट पाहूं नये. आपण होऊन जावें. कौलाचें उत्तर तत्काळ मिळतें, प्रार्थनेचें तसें मिळतेंच असें नाहीं, ही अडचण घरच्यांपासून लपवूं नये. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायांत शद्रख, मेशख व अबेदनगो ह्यांनीं राजास जें उत्तर दिलें, तें सतराव्या व अठराव्या अशा दोन वचनांत आहे. देव सोडवूं शकतो, हें पहिल्यांत आहे. त्यानें न सोडविलें तरी आम्हीं मूर्तीस नमणार नाहीं, हें दुसऱ्यांत आहे. त्या घरांत बसून दोन्ही वाचावीं. सतरावें वाचून अठरावें गाळूं नये.