पाय बधिर होतोय आणि टेम्पो तुम्हीच चालवताय?



मागच्या व्हिडिओत आपण टेम्पोच्या एका फेरीचं कॉस्टिंग केलं. डिझेल, टोल, हप्ता, विमा, टायर, सगळं धरलं. एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती बोर्डवर दोन मिनिटांत सांगून होण्यासारखी नाही. ती म्हणजे गाडी चालवणाऱ्याचे पाय. आधी माझंच सांगतो.

ट्रेनर होण्याच्या आधी चार वर्षं मी नाशिकहून वाशीच्या मार्केटला भाजी नेत होतो. गाडी माझी, ड्रायव्हर मीच आणि बऱ्याचदा हमालही मीच. रात्री माल भरून निघायचं, घाट उतरायचा, भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून जीव काढायचा आणि पहाटेच्या आत माल उतरवायचा. तिसऱ्या वर्षी उजव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. सुरुवातीला शहापूरच्या पुढे गेल्यावर यायच्या, नंतर इगतपुरीलाच यायला लागल्या. खाली उतरून पाय झटकला की जायच्या. मग एक दिवस गेल्याच नाहीत. मेडिकलमधून गोळी घ्यायची, बाम चोळायचा आणि परत स्टिअरिंगवर बसायचं, असं मी तीन-चार महिने काढलं.

एका रात्री कसारा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवला आणि तो पेडलवर आहे की नाही हे मला खाली बघून कळलं. भरलेली गाडी, उतार, पाऊस, आणि मी रस्ता सोडून स्वतःच्या पायाकडे बघतोय! त्या रात्री काही झालं नाही, ते माझ्या ड्रायव्हिंगमुळे नव्हे. पुढे गाडी नव्हती म्हणून.

खरी चूक तर त्याच्यानंतरची. घरी कुणाला काही सांगितलं नाही, कारण पाच तारखेचा हप्ता डोक्यात होता. महिनाभराने एका सकाळी अंथरुणातून उठताच येईना. मणक्यातली गादी सरकून नस दबली होती. ऑपरेशन लागलं नाही, पण गाडी बरेच दिवस दारात उभी राहिली.

म्हणून आजचा विषय. तुमच्यापैकी कितीतरी जण टेम्पो, रिक्षा, स्कूल व्हॅन, टुरिस्ट गाडी स्वतः चालवताय किंवा तशी घ्यायच्या विचारात आहात.

पाय नेमका कशाने बधिर होतो?

आपल्याकडे पाय बधिर झाला की लगेच ‘रक्त पोचत नाही’ म्हणतात. ड्रायव्हरच्या बाबतीत बहुतेक वेळा भानगड रक्ताची नसून नसेची असते. कमरेच्या मणक्यातून निघणाऱ्या नसा एकत्र येऊन एक जाड नस बनते, ती कुल्ल्यातून, मांडीच्या मागून खाली पायात जाते. सायटिका म्हणतात तो हिचाच त्रास. ही नस कमरेत दबू शकते, कुल्ल्यात दबू शकते किंवा तिची फांदी गुडघ्याजवळ दबू शकते. बधिरपणा मात्र जाणवतो खाली पायात. म्हणून पाय कितीही चोळला तरी उपयोग होत नाही.

बसल्यावर, त्यातही वाकून बसल्यावर, कमरेच्या गादीवर ताण वाढतो. वर गाडीचे हादरे. त्यात पाय क्लचवर, म्हणजे शरीर सैल सोडायची सोय नाही. ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाचे हाल होतात, आणि समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर उजव्या पायाचे. लोकांना वाटतं, मोकळ्या रस्त्यावर आराम मिळतो. पण तासन्‌तास एकाच कोनात धरून ठेवलेला पायही बधिर होतो.

तुमचा बधिरपणा कुठे आहे ते नीट बघा आणि लिहून ठेवा. डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं. पायाचा वरचा भाग आणि अंगठा बधिर होत असेल तर एक नस, करंगळीची कड आणि तळवा असेल तर दुसरी. फक्त मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होत असेल तर कधी कधी दोष कमरेला आवळून बांधलेल्या पट्ट्याचा असतो, आणि सुटलेल्या पोटाचाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक नस अगदी हाडाला लागून, कातडीखालीच जाते. गुडघा दरवाज्याला टेकवून चालवायची सवय असेल तर ती दबते.

आणि दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे बोटांपासून वर बधिर होत असतील, गाडी चालवली नाही त्या दिवशीही होत असतील, तर सीटला दोष देऊ नका. आधी साखर तपासा. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा तपासा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तरी बी-१२ कमी होऊ शकतं. ‘ड्रायव्हिंगमुळे होतंय’ असं स्वतःच ठरवून टाकलं की मधुमेह वर्षभर लपून राहतो.

खिशातलं पाकीट काढा

हे मी प्रत्येक बॅचला सांगतो आणि प्रत्येक बॅच हसते. मागच्या खिशात आरसी, लायसन्स, पावत्या, सुट्टे पैसे कोंबलेलं पाकीट म्हणजे कुल्ल्याखाली ठेवलेली वीट. त्याने नस दबते आणि कंबरही एका बाजूला वाकडी राहते. मोबाईलही तसाच. दोन्ही डॅशबोर्डवरच्या कप्प्यात टाका. खर्च शून्य.

मग सीट. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे; पाय ताणावा लागत असेल तर सीट पुढे घ्या. कुल्ले गुडघ्यांपेक्षा जरासे वर असावेत. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागचा खळगा यांच्यात दोन बोटं जावीत, नाहीतर कड मांडीत रुतते. पाठ पूर्ण मागे टेकवा आणि पट्ट्याच्या उंचीवर टॉवेलची गुंडाळी ठेवा. लहान टेम्पोत सीट मागेपुढे फारशी होत नाही, मान्य. पण बसकट झालेला फोम तर बदलता येतो ना? कुशनवाल्याकडे अर्ध्या दिवसाचं काम असतं. दोन वर्षांत तीनदा टायर बदलणारे लोक गाडी घेतल्यापासून त्याच खड्डा पडलेल्या सीटवर बसतात, हे मला खरंच समजत नाही.

थांबे ठरवून घ्या. झोप आली किंवा लघवी लागली तरच थांबायचं, असं नाही. साधारण दोन तासांनी गाडी बाजूला लावून पाच-दहा मिनिटं चालायचं. मी नंतर इगतपुरीला घाटाच्या आधी आणि शहापूरला, असे दोन थांबे पक्के केले आणि त्यासाठी घरून अर्धा तास लवकर निघायला लागलो. उतरल्यावर कमरेवर हात ठेवून हळू मागे वाका, टाचा वर-खाली करा, थोडे चाला. मागे वाकताना पायातली चमक वाढत असेल तर तो व्यायाम सोडा आणि फिजिओथेरपिस्टला विचारा. चहा उभ्यानेच प्या. आणि गाडीतून उतरल्या उतरल्या वाकून क्रेट उचलू नका. तासन्‌तास बसल्यानंतर कंबर लगेच वजन घ्यायला तयार नसते. माझी गादी सरकायला हेच कारण झालं असावं असं मला वाटतं.

बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, चटका बसल्याचं कळत नाही. केबिनखाली इंजिन असेल तर पायाखालचा पत्राही तापतो, तेव्हा चप्पल सोडून बंद बूट घाला. आणि ‘नस बसवून देतो’ म्हणत कंबर मोडणाऱ्यांपासून लांब राहा.

कधी थांबायचंच

उतरून दहा-पंधरा मिनिटांत जाणारा बधिरपणा हा इशारा आहे. रोज यायला लागला, रात्रभर राहिला किंवा आठवडाभर टिकला की डॉक्टरांना दाखवायचं. घरी एक साधी परीक्षा करा. भिंतीजवळ उभं राहून दहा पावलं टाचांवर चाला, मग दहा पावलं चवड्यांवर. एक पाय साथ देत नसेल, पाऊल खाली पडत असेल, चप्पल पायातून निसटत असेल, तर ताकद कमी झालीय. मग आठवडा थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

आणि हे पाठ करून ठेवा. लघवी अडली किंवा आपोआप झाली, शौचावरचा ताबा गेला, खोगीर जिथे टेकेल तो भाग, म्हणजे दोन्ही मांड्यांच्या मध्ये आणि बैठकीला, बधिर झाला, किंवा दोन्ही पायांची ताकद जायला लागली, तर तशाच रात्री मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं. तिथे तासांचा हिशोब असतो. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर रक्ताची गाठ असू शकते. ती चोळायची नाही, लगेच दाखवायचं, आणि सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक हॉस्पिटल. एका बाजूचा हात-पाय अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर सरळ १०८ ला फोन.

यातलं काहीही असलं आणि पेडल नीट कळत नसलं, तर गाडी तुम्ही चालवायची नाही. माल सडला तरी चालेल.

आता धंद्याचं

‘सर, मी थांबलो तर हप्ता कोण भरणार?’ बरोबर प्रश्न आहे. चला, हिशोब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा एका फेरीचे ४,५०० रुपये मिळतात. डिझेल १,९००, टोल-पार्किंग ४००, देखभाल ३००. महिन्याच्या २० फेऱ्या धरून हप्ता आणि विमा फेरीमागे ९००. उरले १,०००. महिन्याला २०,०००. आपण याला नफा म्हणतो. पण बदली ड्रायव्हर फेरीला ८०० घेत असेल तर त्या १,००० मधला ८०० तुमचा ड्रायव्हर म्हणून पगार झाला. धंद्याचा नफा २००. तुमचा टेम्पो धंदा करत नव्हता, तुम्ही नोकरी करत होता. बिनसुट्टीची.

आता पाय धरला आणि ७ फेऱ्या बुडाल्या. कमाई गेली ७,०००, आणि त्या फेऱ्यांच्या वाट्याचा हप्ता-विमा ६,३०० चुकत नाही. एकूण फटका १३,३००. २०,००० चे उरले ६,७००, आणि औषधपाणी वेगळं. त्याच ७ फेऱ्यांना बदली ड्रायव्हर लावला असता तर खर्च ५,६००, हातात १४,४००. म्हणजे ‘ड्रायव्हर परवडत नाही’ हे वाक्य कागदावर टिकत नाही. पण त्यासाठी ओळखीचा, लायसन्स तपासलेला, मार्ग माहीत असलेला माणूस आधीपासून हवा. पाय गेल्यावर रात्री अकरा वाजता असा माणूस मिळत नसतो. माझ्याकडे नव्हता.

विम्यावर भिस्त ठेवताना त्यात काय लिहिलंय ते वाचा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण आहे, ते जरूर घ्या. गाडीच्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं कव्हरही ठेवा. पण दोन्ही अपघातासाठी आहेत. बसून बसून दबलेल्या नसेला त्यातून काही मिळत नाही. आरोग्य विमा हॉस्पिटलचं बिल भरेल, बुडालेल्या फेऱ्या साधारणपणे भरून देत नाही. म्हणून किमान दोन महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात हवी, आणि ती फेरीच्या दरातूनच निघाली पाहिजे.

२०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होत असे. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती, हा त्यातला सर्वसाधारण नियम होता. तुम्ही एकटे मालक-चालक असाल तर तुम्हाला कुणी हे विचारायला येणार नाही. म्हणून गाडीच्या वहीत किलोमीटरच्या शेजारी एक रकाना वाढवा: ‘स्टिअरिंगवर किती तास’. आणि त्याच्या शेजारी दुसरा: ‘पाय कधी, कुठे’. मी हा रकाना फार उशिरा आखला. पंधरा दिवसांत मला दिसलं की सलग दोन रात्री फेरी केली की तिसऱ्या दिवशी हमखास मुंग्या येतात. मग आठवड्यातली एक फेरी कमी केली आणि भाडं वाढवून मागितलं. दोन व्यापाऱ्यांनी दिलं, एकाने नाही. त्याचा माल सोडला.

ही वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. किती वेळ बसता, किती वजन उचलता, बधिरपणा कुठून कुठे जातो, हे सगळं त्यात असेल. नाहीतर तिथे गेल्यावर आपण ‘जरा मुंग्या येतात’ एवढंच बोलतो आणि गोळी घेऊन परत येतो.

पुढच्या व्हिडिओत बदली ड्रायव्हरशी कागदावर काय ठरवायचं ते बघू: दर, डिझेलचा हिशोब, आणि गाडीला ओरखडा आला तर तो कुणाचा. तोपर्यंत दोन्ही रकाने भरायला सुरुवात करा.