विचार तपासून पाहताना : बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीचा परिचय

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. द्वितीय वर्षाच्या वर्गात मला एक छोटा निबंध वाचून दाखवायचा होता. दोन परिच्छेद नीट वाचून झाले आणि तिसऱ्याच्या पहिल्याच ओळीत मी अडखळले. तो शब्द पुन्हा उच्चारायला गेले, पुन्हा अडखळले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. मी कागदाची घडी केली आणि जागेवर येऊन बसले.

घडले ते एवढेच. पण त्यानंतर जवळजवळ तीन महिने मी त्या तासाला फिरकले नाही. वसतिगृहातल्या मैत्रिणींना डोकेदुखीचे कारण सांगत असे. महाविद्यालय सोडून मुक्त विद्यापीठातून घरी बसून परीक्षा द्यावी असे मनाशी ठरवले होते. वडिलांना तसे सांगण्यासाठी दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला होता.

यंदा अपसामान्य मानसशास्त्र शिकताना बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीचा भाग आला आणि ही आपलीच गोष्ट चालली आहे असे मला वाटू लागले. त्या अभ्यासातून जे समजले आणि स्वतःवर जे करून पाहिले, ते इथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

दोन माणसे, एक वाट

या उपचारपद्धतीच्या उभारणीत दोन अमेरिकन नावे प्रमुख आहेत. पहिले अल्बर्ट एलिस (१९१३–२००७). न्यूयॉर्कमध्ये वाढलेला हा तरुण मुलींशी बोलायला विलक्षण बुजत असे. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःलाच एक काम नेमून दिले. ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशी बोलायचे. महिन्याभरात अशा १३० स्त्रिया भेटल्या. त्यांपैकी ३० जणी ताबडतोब उठून गेल्या, १०० जणींशी तो बोलला. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले, ती आलीच नाही! हिशोबाने पाहिले तर ही सपशेल हार. परंतु कोणी पोलिसांना बोलावले नाही, कोणी अंगावर धावून आले नाही, आणि त्याचा बुजरेपणा मात्र गेला. पुढे १९५५ च्या सुमारास एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. मराठी वाचकांना तिची ओळख करून देण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता.

दुसरे ॲरन बेक (१९२१–२०२१). ते फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मनोविकारतज्ज्ञ होते आणि त्यांचे शिक्षण मनोविश्लेषणाचे होते. नैराश्यग्रस्त माणूस आपला राग स्वतःकडे वळवतो, असे ते शास्त्र सांगे. हे सिद्ध करावे म्हणून बेक यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली, तर त्यांत रागापेक्षा हार, उणीव आणि नुकसान यांचीच चित्रे अधिक आढळली. रुग्ण जे मोठ्याने बोलत, त्याच्या तळाशी दुसराही एक विचारप्रवाह वाहत असतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. झटकन येऊन जाणाऱ्या आणि न तपासताच खऱ्या मानल्या जाणाऱ्या या विचारांना त्यांनी ‘स्वयंचलित विचार’ म्हटले. स्वतः, जग आणि भविष्य या तिन्हींविषयी काळे मत असणे ही नैराश्याची खूण आहे, असे त्यांनी मांडले. १९७७ साली ४१ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या उपचाराची तुलना इमिप्रामिन या औषधाशी केली गेली. नुसत्या बोलण्याने होणारा उपचार औषधाच्या बरोबरीने उभा राहू शकतो, हे त्यातून जगासमोर आले.

या पद्धतीतले ‘वर्तन’ याहूनही जुने आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या पीटर नावाच्या मुलाची भीती घालवली होती. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा दररोज थोडा थोडा जवळ आणला जाई. भीतीपासून पळाले की ती वाढते आणि बेताबेताने तिच्याजवळ गेले की ती ओसरते, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे.

‘च’चा आग्रह

एलिस यांची मांडणी तीन पायऱ्यांची आहे : घटना, धारणा आणि परिणाम. आपण समजतो की घटनेमुळे परिणाम होतो. ‘ते हसले, म्हणून मी खचले.’ एलिस म्हणतात, मधली पायरी विसरू नका. वर्गात अडखळणारी मी काही एकटी नव्हते, पण तीन महिने तास बुडवणारी मी एकटीच होते. फरक धारणेत होता.

ही धारणा बहुधा एखाद्या हट्टाच्या रूपात असते. आपल्या मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो. ते अक्षर म्हणजे ‘च’. ‘मला जमलेच पाहिजे’, ‘लोकांनी मला चांगलेच म्हटले पाहिजे’. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणेतल्या ‘च’ने इतिहास घडवला हे खरे, परंतु तोच ‘च’ आपण स्वतःच्या प्रत्येक वाक्याला लावू लागलो की जगणे कठीण होते. ‘चांगले वाचता आले तर मला आवडेल’ ही इच्छा झाली. ‘चांगले वाचता आलेच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ ही शिक्षा झाली.

वहीतले रकाने

उपचारात साधारणपणे आठवड्याला एक अशा बारा ते वीस बैठका होतात. प्रत्येक बैठकीनंतर गृहपाठ असतो. त्यातला मुख्य म्हणजे विचारांची नोंद. मानसशास्त्राच्या बाईंना मी माझी हकिकत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, एक शंभर पानी वही घे आणि रकाने आख. मनात ठेवून हा हिशोब जुळत नाही.” त्या वहीतले एक पान असे आहे :

प्रसंग : तासाला जायची वेळ झाली.
भावना : भीती, शंभरात ८०.
मनात आलेला विचार : ‘सगळा वर्ग मला मूर्ख समजतो.’
विचाराच्या बाजूचा पुरावा : एक जण हसला.
विरुद्ध बाजूचा पुरावा : वर्गात साठ जण होते. त्याच दिवशी आणखी दोघे अडखळले होते, पण कोण ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीने माझा निबंध उतरवून घ्यायला मागितला होता.
दुसरा विचार : ‘मी अडखळले, एकाला हसू आले. बाकीच्यांना काय वाटले ते मला माहीत नाही.’
भावना पुन्हा : भीती ५५.

भीती शून्य झाली नाही, ती ५५ वर आली. ‘दुसरा विचार’ या रकान्यात ‘मी उत्कृष्ट वक्ता आहे’ असेही मी लिहिलेले नाही. या उपचाराला ‘सकारात्मक विचार’ समजण्याची चूक सर्रास होते. इथे काळ्या विचाराच्या जागी गुलाबी विचार ठेवायचा नसतो. दोन्ही बाजूंचा पुरावा मांडायचा आणि निघेल तो निष्कर्ष मान्य करायचा, एवढेच काम असते.

प्रत्यक्ष करून पाहणे

वही भरली तरी मी वर्गाबाहेरच होते. म्हणून पुढची पायरी वर्तनप्रयोगाची. आधी भाकीत लिहायचे, मग कृती करायची, मग दोन्ही ताडून पाहायचे.

पहिला प्रयोग. भाकीत : ‘मी तासाला प्रश्न विचारला तर निदान दहा जण वळून हसतील.’ प्रत्यक्षात दोघे वळले. सर म्हणाले, “प्रश्न नीट ऐकू आला नाही, पुन्हा विचार.” मी कापऱ्या आवाजात पुन्हा विचारला. त्यांनी उत्तर दिले. कोणी हसले नाही.

दुसरा प्रयोग एलिस यांच्या धर्तीचा. लाज वाटेल असे निरुपद्रवी काम मुद्दाम करायला ते सांगत, उदाहरणार्थ दोरी बांधलेले केळे रस्त्यातून ओढत नेणे! तेवढे धाडस माझ्यात नव्हते. वसतिगृहाच्या भोजनगृहात सूचना वाचताना मी मध्येच मुद्दाम थांबले आणि मनात पाच आकडे मोजले. भाकीत होते भयंकर शांततेचे. प्रत्यक्षात एक मुलगी म्हणाली, “पुढे वाच गं, भाजी गार होतेय.”

तिसऱ्या प्रयोगात मी वर्गात पुन्हा निबंध वाचला. दोनदा अडखळले आणि या खेपेस खरोखरच कोणीतरी हसले. भाकीत खरे ठरले! पण मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच बसले. पहिल्या दोन प्रयोगांनी मला ‘लोक हसत नाहीत’ एवढेच शिकवले होते. लोक हसले तरी वाचन पुरे करता येते, हे तिसऱ्याने शिकवले. ते मला अधिक मोलाचे वाटते.

मर्यादा आणि आपल्याकडचा एक प्रयत्न

प्रत्येक दुःखद विचार चुकीचा नसतो. घरचे पीक गेले म्हणून ज्याची फी थकली आहे, त्याच्या काळजीत विचारदोष शोधणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तिथे अडचण सोडवायलाच मदत हवी. शिवाय माझी भीती लहान होती. झोप उडणे, जेवण तुटणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणे अशी लक्षणे असतील तर वहीवर विसंबू नये. तज्ज्ञांकडे जावे. २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

तज्ज्ञ सर्वत्र नसतात, ही अडचण खरी आहे. या दृष्टीने शेजारच्या गोव्यात झालेला एक अभ्यास फार आशा देणारा आहे. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळाली. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ बैठकांचा उपचार मिळाला. तो देणारे सल्लागार मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, या कामासाठी तयार केलेले सामान्य नागरिक होते. माणसाला अर्थपूर्ण कामांत पुन्हा गुंतवणे हा त्या उपचाराचा गाभा होता. तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. उपचार मिळूनही बरे न झालेले पुष्कळ होते, हेही या आकड्यांतच दिसते. पण आधी मन बरे होईल आणि मग मी कामाला लागेन, अशी वाट पाहणाऱ्यांना त्यातून काही शिकता येईल. मीही तशीच वाट पाहत तीन महिने घालवले होते.

जाता जाता दोन विनंत्या. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, एखाद्या तासाला जाण्याचे टाळत असाल तर ‘तिथे काय होईल’ ते एकदा कागदावर लिहा आणि मग जाऊन पाहा. आणि गुरुजनांना नम्र विनंती अशी की वाचताना कोणी अडखळले तर त्याला बसू देऊ नये, उरलेला परिच्छेद पुरा करू द्यावा. त्या दिवशी मला कोणी ‘पुढे वाच’ म्हटले असते, तर माझे तीन महिन्यांचे तास बुडाले नसते.