फरक दाखवा, मुदतीत दाखवा

लखनौच्या एका केंद्रीय कार्यालयात मी नोकरी करते. माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं, बदलीच्या फेऱ्यात इथे आले आणि इथलीच झाले. दुसऱ्या बाळंतपणाची रजा आणि त्याला जोडून घेतलेली बालसंगोपन रजा संपवून रुजू झाले, त्या वर्षीच्या माझ्या वार्षिक अहवालात, म्हणजे आपण सगळे अजूनही ज्याला सीआर म्हणतो त्यात, श्रेणी आली ‘गुड’. त्याआधीच्या सगळ्या वर्षी ‘व्हेरी गुड’ होती. शेऱ्याच्या चौकटीत एकच वाक्य होतं : “पारिवारिक दायित्वों के कारण कार्यालय को अपेक्षित समय नहीं दे पातीं.”

सरकारी नोकरीत नसलेल्याला ‘गुड’ म्हणजे चांगलंच वाटेल. पण 25 जुलै 2016 पासून केंद्रात एमएसीपीची, म्हणजे बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी मिळणारी, वेतनवाढ मिळायला ‘व्हेरी गुड’ हा निकष आहे. एक ‘गुड’ मध्ये आला की पुढची गणितं बिघडू शकतात. मंजूर केलेली हक्काची रजा घेतली म्हणून श्रेणी उतरली, तर तो भेदभावच आहे, आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. ती मागताना मी जे शिकले ते इथे सांगते आहे. माझ्यासारख्या अनेकजणी हे वाक्य वाचून, डोळे पुसून पुन्हा फाइलीत मान घालतात. त्यांनी तसं करू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिले पंधरा दिवस

सीआर आज आपल्या हातात पडतो तो 2008 च्या देव दत्त खटल्यामुळे. वाईट शेराच कशाला, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं. त्यानंतर 14 मे 2009 रोजी कार्मिक विभागाने आदेश काढला. अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निवेदन द्यायचं, आणि सक्षम अधिकाऱ्याने समोरच्या कागदांवरून, वस्तुनिष्ठपणे, तीस दिवसांत निर्णय घ्यायचा. हे पंधरा दिवस रागात आणि रडण्यात सहज निघून जातात. म्हणून अहवाल हाती आला की पहिलं काम एकच : मिळाल्याची तारीख घालून सही करा आणि त्याची छायाप्रत घरी न्या.

मी मुदतीत निवेदन दिलं. सोबत कार्यालयप्रमुखांकडे भेदभावाची स्वतंत्र तक्रारही केली. दोन्हींना उत्तर आलं ते एका ओळीचं : विचार केला, तथ्य आढळलं नाही. कारण नाही, तुलना नाही, माझ्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नाही.

अपिलाचा खरा विचार इथून सुरू होतो, आणि चुकीचे सल्लेही इथूनच सुरू होतात.

तीन सल्ले, तिन्ही घातक

पहिला सल्ला बडे बाबूंचा : “एक और अर्ज़ी डाल दीजिए, मैडम.” ऐकायला सोपं, पण यातच माणसं बुडतात. एस. एस. राठोड खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं की, कायद्यात तरतूद नसलेले अर्ज पुन्हापुन्हा केल्याने मुदत वाढत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वर्षानुवर्षं स्मरणपत्रं पाठवली, प्रत्येकाची पोच जपून ठेवली. शेवटी सेवाविषयक दाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात गेले, तेव्हा उशीर या एकाच मुद्द्यावर प्रकरण निकालात निघालं. त्यांच्यावर खरंच अन्याय झाला होता का, हे कोणी तपासलंही नाही.

दुसरा सल्ला : खासदारांचं पत्र आणा. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 चा नियम 20 सेवेच्या बाबतीत बाहेरचा दबाव आणायला मनाई करतो. तसं पत्र आलं की तक्रारदारच आरोपी होतो. वरिष्ठांना ओलांडून थेट मंत्रालयात निवेदन पाठवणंही असंच अंगाशी येतं. निवेदन योग्य मार्गानेच द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

तिसरा सल्ला घरचा, मायेचा : सोडून दे, बदली होईलच. बदली होते, पण सीआर आपल्याबरोबर येतो.

तक्ता

माझी फाइल पुन्हा उभी राहिली ती एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांमुळे. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात त्यांची ओळख झाली होती. माझं चार पानी निवेदन त्यांनी वाचलं आणि विचारलं, “ताई, यात तुमचं दुःख दिसतं. फरक कुठे दिसतो?”

त्यांनी अहवालाचे आकडेच वाचायला लावले. कामाच्या निष्पत्तीला 40 टक्के भार असतो, वैयक्तिक गुणांना 30 आणि कार्यक्षमतेला 30. मला कामाला दहापैकी सात होते, आदल्या वर्षीइतकेच. उरलेल्या दोन भागांत पाच-पाच. बेरीज 5.8. ‘व्हेरी गुड’ सहापासून सुरू होतं. म्हणजे काम कमी झालं, असं माझ्या अधिकाऱ्यांनी स्वतःही म्हटलेलं नव्हतं. श्रेणी बुडाली ती स्वभावाच्या आणि कुवतीच्या रकान्यांत, आणि त्याचं लेखी कारण होतं घर. अन्यायाचा पुरावा त्या अहवालातच होता. मी मात्र तोवर शेऱ्यावरच चिडून बसले होते.

मग आम्ही तक्ता केला. महिना, हजेरी, सोपवलेलं काम, पूर्ण केलेलं काम, फाइल क्रमांक. रजेच्या महिन्यांसमोर मंजुरी आदेशाचा क्रमांक आणि तारीख. प्रसूती रजा 180 दिवसांची आणि बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत 730 दिवसांपर्यंत, दोन्ही 1972 च्या रजा नियमांतल्या. जी रजा सरकारच देतं, ती अहवालात दोष म्हणून मोजता येत नाही, हे त्या तक्त्यावरून कोणालाही कळलं असतं.

दुसरा भाग तुलनेचा. त्याशिवाय भेदभाव सिद्ध होत नाही. पण सहकाऱ्यांचे सीआर मागू नका. गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा सेवा-नोंदींना वैयक्तिक माहिती मानलं आहे. मी माहिती अधिकारात दहा रुपये भरून नावांशिवाय आकडे मागितले : आमच्या संवर्गात त्या वर्षी दोन महिन्यांहून जास्त रजा घेतलेले किती, त्यांतले पुरुष किती, स्त्रिया किती, कोणाला कोणती श्रेणी. माझ्या निवेदनावरच्या टिपणीची प्रतही मागितली. आधी नकार आला, पहिल्या अपिलानंतर माहिती मिळाली. लांबलचक वैद्यकीय रजा घेतलेल्या पुरुषांची श्रेणी हललेली नव्हती. बालसंगोपन रजेवर गेलेल्या स्त्रियांची उतरली होती.

हेतूच्या मागे धावू नका

आपल्याला वाटत असतं, साहेबांनी मुद्दाम केलं. तसं असेलही. पण द्वेषबुद्धीचा आरोप केला की त्या अधिकाऱ्याला नावानिशी पक्षकार करावं लागतं आणि त्याच्या मनातलं सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं. भेदभाव दाखवायला त्याची गरज नसते. लेफ्टनंट कर्नल नितीशा खटल्यात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाबद्दल हेच सांगितलं : वरवर सर्वांना सारखा दिसणारा निकषही, त्याचा भार एकाच गटावर पडत असेल, तर अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. मी न्यायाधिकरणाकडच्या माझ्या अर्जातली सगळी विशेषणं काढून टाकली. तक्ता, आकडे आणि राज्यघटनेची कलमं 14, 15 आणि 16, एवढंच ठेवलं.

दार कोणतं?

आपल्याकडे सगळ्या भेदभावांसाठी एकच कायदा किंवा एकच कचेरी नाही. म्हणून आपलं दार आधी ओळखा. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. त्याचं एक खंडपीठ लखनौत आहे. उत्तर प्रदेश शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी 1976 च्या कायद्याखालचं राज्य लोकसेवा न्यायाधिकरण, तेही लखनौतच. सैन्यदलातल्यांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र शासनात असाल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट.

दिव्यांग कर्मचाऱ्यांना 2016 च्या कायद्याचं कलम 20 संरक्षण देतं. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा, आणि त्याच्या कारवाईने समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. लैंगिक छळाच्या तक्रारीवर अंतर्गत समितीच्या शिफारशीविरुद्ध अपिलाला नव्वद दिवस मिळतात. जातीवरून त्रास होत असेल तर अनुसूचित जाती आयोग चौकशी करतो, पण स्थगिती देण्याचा अधिकार त्याला नाही. आणि आयोगाकडे तक्रार गेली म्हणून न्यायाधिकरणाची मुदत थांबली, असं कधीच धरू नका.

कॅटचा हिशेब 1985 च्या कायद्यात आहे. आधी खात्यातले उपाय संपवायचे. अंतिम आदेश आला की त्या तारखेपासून एक वर्ष. निवेदनाला किंवा अपिलाला उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट पाहायची आणि तिथून पुढे एक वर्ष. शुल्क पन्नास रुपये. वकील न देता स्वतःही उभं राहता येतं, पण मी म्हणेन, सेवाविषयक प्रकरणं चालवणारा वकील कराच. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो आणि दिवसांचा हिशेब मागितला जातो.

काय मिळतं, काय नाही

न्यायाधिकरण स्वतः बसून आपल्याला गुण देईल, ही अपेक्षा ठेवू नका. ते बहुधा निर्णय घेण्याची रीत तपासतं. माझ्या प्रकरणात कॅटमध्ये ते एका ओळीचं उत्तर रद्द झालं आणि निवेदनावर कारणांसह नव्याने निर्णय घ्या, असा आदेश झाला. त्या फेरविचारात तक्ता बाजूला सारता आला नाही. श्रेणी परत ‘व्हेरी गुड’ झाली आणि तो शेरा वगळला गेला. मधल्या काळात अडलेली वेतनवाढ मिळाली, पण जी बोलणी ऐकली आणि जी झोप गेली, त्याची भरपाई कोणताही आदेश करत नाही. कार्यालयात आणि घरात एक-दोन माणसं तरी पाठीशी असू द्या.

कॅटमध्ये हरलात तरी रस्ता संपत नाही. एल. चंद्रकुमार निकालामुळे 1997 पासून कॅटच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे जाता येतं. आमच्यासाठी ते अलाहाबाद उच्च न्यायालयाचं लखनौ खंडपीठ. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयातल्या परिचारिका दीपिका सिंह यांना, पतीच्या आधीच्या मुलांसाठी बालसंगोपन रजा घेतली होती म्हणून, स्वतःच्या बाळासाठी प्रसूती रजा नाकारली गेली. त्या कॅटमध्ये हरल्या, उच्च न्यायालयात हरल्या आणि ऑगस्ट 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि बोपण्णा यांच्या पीठाने त्यांचा हक्क मान्य केला. त्यांच्या चिकाटीचा फायदा आज आपल्या सगळ्यांना मिळतो.

रुजू होणाऱ्या बहिणींसाठी

रजेवरून परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात वर्षाची उद्दिष्टं लेखी मागून घ्या. साध्या ईमेलवरही चालेल. अहवालात स्वतःच्या कामाबद्दल लिहायचा जो भाग असतो, तो घाईत दोन ओळींत उरकू नका. रजेचा मंजुरी क्रमांक, प्रत्यक्ष कामाचा काळ आणि त्या काळात पूर्ण केलेलं काम तिथे नीट लिहा, कारण तुमच्या म्हणण्याशी आपण सहमत आहोत की नाही, हे अधिकाऱ्याला तिथेच नोंदवावं लागतं. आदल्या वर्षांचे अहवाल, रजेचे आदेश आणि पोचपावत्या यांची एक फाइल घरी ठेवा. अपिलाची वेळ कधीच येऊ नये, हीच इच्छा. पण आलीच, तर तुमची बाजू त्या फाइलीत तयार असेल आणि पंधरा दिवस पुरेसे ठरतील.