पट्ट्यात बोटं गेली, भरपाई मिळेल का?

प्रश्न : श्रीरामपूरजवळच्या सॉ मिलमध्ये भुसा वाहणाऱ्या पट्ट्यात भावाची दोन बोटं गेली. मालक म्हणतात, चूक त्याचीच.

उत्तर : ताई, नुसत्या बेसावधपणामुळे हक्क बुडत नाही. 1923च्या भरपाई कायद्यात हेच तत्त्व होतं, 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. दारूच्या नशेत, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडल्यामुळे किंवा मुद्दाम संरक्षक जाळी काढल्यामुळे अपघात झाला असेल, तरच मालकाला हात झटकता येतात. एका हाताची दोन बोटं गेल्यास जुन्या कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 20 टक्के घटली, असं धरलं आहे. आता चूक कुणाची ते बघू. पट्टा रुळावर चढतो तिथली फट पाहिलीत? अडकलेली ढलपी काढायला बोट पुढे गेलं की पंजा आत. तिथे जाळी हवीच. नव्हती ना? मग आजच फोटो काढा, उद्या ती बसलेली दिसेल. दवाखान्याचे कागद जपा. कोऱ्या कागदावर भावाला सही करू देऊ नका.