गळा एक, भाषा चार



आज मी तुम्हांला एका गायिकेची ओळख करून देणार आहे. पण त्याआधी आपल्याच वर्गातली एक गोष्ट सांगतो.

गेल्या महिन्यात आपल्या तिसरीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला आहेत. त्यांच्या घरी कानडी बोलतात. मी तिला धडा मोठ्याने वाचायला सांगितला. तिने 'चाक' हा शब्द वाचला तो चिमणीतल्या 'च'सारखा. झाले! सगळा वर्ग फिसकन हसला. खरे सांगायचे तर मलाही किंचित हसू आले, आणि ते तिने पाहिले. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड उघडले नाही. ही चूक तुमच्याइतकीच माझी. म्हणून हा लेख मी तुमच्यासाठी आणि माझ्यासाठीही लिहिला आहे.

पुण्याला कामासाठी गेलो की वेळ काढून मी प्रभात रस्त्याने चालत जातो. रस्त्याला हे नाव 'प्रभात फिल्म कंपनी'वरून मिळाले. ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यात आली. तिचा स्टुडिओ जिथे होता, तिथे १९६० सालापासून सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था आहे. परवा त्या फाटकाशी उभा राहिलो आणि मला शांता आपटे आठवल्या.

शांताबाईंचा जन्म सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनी गावचा. अक्कलकोट तालुक्यातले हे गाव कर्नाटकाच्या अगदी हद्दीवर आहे. तिथे बाजारात एका कानावर मराठी पडते, दुसऱ्या कानावर कानडी. लहानपणीच त्या गाणे शिकल्या. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' बोलपटात त्या राधा झाल्या. मग त्या 'प्रभात'मध्ये आल्या. 'प्रभात'ने पुण्यात आल्यावर काढलेला पहिला चित्रपट 'अमृतमंथन' (१९३४). दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत केशवराव भोळे यांचे. त्यातल्या गाण्यांनी शांताबाई घरोघरी माहीत झाल्या. पूर्वी पडद्यावरचे नट गाताना खांबासारखे उभे राहत. शांताबाई मात्र गाताना हात हलवीत, डोळ्यांनी बोलत. लोकांना ते फार आवडले.

आता नीट लक्ष द्या. आजच्या सिनेमात नटी नुसते ओठ हलवते आणि गाते दुसरीच कुणी. त्याला पार्श्वगायन म्हणतात. बोलपटांच्या सुरुवातीच्या वर्षांत तशी सोय नव्हती. कॅमेरा चालू असतानाच गायचे. पेटी-तबलावाले कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे बाजूला बसत. मध्ये चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून! म्हणून ज्याला गाता येई, त्यालाच अशी भूमिका मिळे.

आणखी एक गंमत. 'प्रभात' बरेच चित्रपट दोन भाषांत काढी. म्हणजे तोच वाडा, तेच कपडे, पण प्रसंग एकदा मराठीत करायचा आणि पुन्हा हिंदीत. १९३७ साली मराठीत 'कुंकू' निघाला, तोच हिंदीत 'दुनिया न माने'. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरून तो केला होता. नीरा नावाच्या पोरक्या मुलीचे तिचा मामा एका म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावतो. नीरा रडत बसत नाही. 'हे मला मान्य नाही,' असे ती ठणकावून सांगते. ही नीरा म्हणजे शांता आपटे. या चित्रपटात त्यांनी अमेरिकन कवी लाँगफेलो यांची एक इंग्रजी कविताही गायली आहे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा झाल्या तीन भाषा.

चौथी भाषा सर्वांत अवघड. १९४१ साली 'सावित्री' हा तमिळ चित्रपट आला. त्यात सावित्री झाल्या शांताबाई. नारदाची भूमिका केली होती एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी. पुढे १९९८ साली भारतरत्न झालेल्या थोर गायिका त्या याच. शांताबाईंना तमिळ येत नव्हते. त्यांनी ते शिकून घेतले. आपले संवाद त्या स्वतः बोलल्या आणि गाणीही स्वतःच गायल्या.

हे किती कठीण, ते तुम्हांला समजावून सांगतो. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे. कुठे 'क' म्हणायचे, कुठे 'ग', हे ज्याच्या कानाला सवय आहे त्यालाच कळते. तुम्ही म्हणाल, काय ही विचित्र भाषा! अरे, मग आपल्या मराठीकडे बघा की. आपण 'चिमणी' लिहितो आणि 'चाक' लिहितो. अक्षर तेच, उच्चार मात्र दोन! पुस्तकात हा फरक कुठे छापलेला आहे? कुठेच नाही. तो आपण आईच्या मांडीवर कानाने शिकलो. आपल्या नव्या मैत्रिणीच्या आईने तिला तो शिकवलेला नाही, कारण तिची आई कानडी बोलते. म्हणजे ती मुलगी चुकली नव्हती. आपण जे फुकटात शिकलो, ते ती मेहनतीने शिकत होती, आणि आपण तिला हसलो.

शांताबाईंची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १९३९ साली करारावरून त्यांचा कंपनीशी वाद झाला. तेव्हा त्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. एवढी मोठी नटी फाटकाबाहेर उपाशी बसलेली! दुसऱ्या वर्षी, १९४० साली, त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे मराठी पुस्तक लिहिले. सिनेमात काम करणाऱ्यांची स्थिती कशी असते, हे त्यात सांगितले. दुसऱ्यांनी लिहिलेले शब्द त्या चार भाषांत गायल्या. पण स्वतःचे म्हणणे मांडायची वेळ आली तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. १९६४ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

मुलांनो, भाषा शिकणाऱ्याला आधी चुकावे लागते, आणि चुकायला धीर लागतो. वर्ग हसला की तो धीर जातो. मग शब्द येत असूनही ते तोंडातून बाहेर पडत नाहीत.

पुण्याहून आल्यावर मी त्या मुलीला म्हणालो, "बाई, आज तू मास्तर आणि मी विद्यार्थी. मला कानडी आकडे शिकव." ती आधी बोलेना. मग हळूच म्हणाली, "ओंदु, एरडु, मूरु..." मी तिच्यामागून म्हटले. ती मान हलवून म्हणाली, "तसं नाही गुरुजी, एरडुतला 'ए' लहान म्हणायचा." मी पाच वेळा म्हटले. पाचही वेळा चुकलो. सगळा वर्ग मला हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने ती हसली. तीन आठवड्यांनी तिचा आवाज वर्गात ऐकू आला!

ती अजून धडा हळूच वाचते. 'चाक' कधी जमते, कधी जमत नाही. आता आपण काय करायचे, ते तुम्हांला कळले असेलच.

आपले,
गुरुजी

शब्दार्थ
बोलपट : आवाज असलेला चित्रपट
पार्श्वगायन : पडद्यामागून दुसऱ्यासाठी गाणे
पोरकी : आईबाप नसलेली
करार : कामाविषयी दोघांत ठरलेले लेखी बोलणे

स्वाध्याय
१. शांता आपटे कोणकोणत्या चार भाषांत गायल्या?
२. त्या काळी नटीला स्वतःच का गावे लागे?
३. चिमणीसारखा 'च' असलेले पाच शब्द आणि चाकासारखा 'च' असलेले पाच शब्द लिहा. मोठ्याने म्हणून पाहा.
४. आपल्या गावात मराठीशिवाय कोणत्या भाषा बोलतात? ती भाषा बोलणाऱ्याकडूनच एक ते दहा आकडे शिका व शनिवारी वर्गात म्हणून दाखवा. चुकले तरी चालेल.